अमेरिकेहून आलेल्या कण्या

अंबरपेठ, हैदराबाद
१० डिसेंबर २००१

ती. कोंडाबाई अक्कास,

धाकट्या नामदेवचा सविनय जयभीम. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि दारची शेळी, तिघांचीही खुशाली कळवावी. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे थकलो आहोत, पण थकण्याला डॉक्टर आजार म्हणत नाहीत.

थकण्याचं कारण आमचा प्रमोद. लोकांची मुलं घरात राहून दमवतात, हा अमेरिकेत बसून दमवतो. (कॉम्प्युटरवाले सगळी कामं बसल्या जागीच करतात म्हणे.) ऑक्टोबरात माझ्या रक्तात चरबी निघाली आणि सुशीलानं ती बातमी त्याला फोनवर सांगितली. झालं! महिन्याभरात त्याचा मित्र रवी, कुकटपल्लीला घर आहे त्याचं, सुट्टीवर आला तो भलं मोठं खोकं घेऊनच. आत विजेवर चालणारं भांडं, त्यात चिनी मातीची जड कुंडी, आणि ओट्स नावाच्या धान्याचे चार डबे. रवी म्हणाला, "अंकल, ओट्स टाकायचे, पाणी टाकायचं, बटन दाबून भूल जाना. आठ तासांत आपोआप होतं." आठ तास! आपल्या कुकरात तीन शिट्ट्यांत डाळ होते आणि एवढ्या घाईची ती माणसं नाश्त्याला आठ तास लावतात. सुशीलानं डबा उघडला, चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, चष्मा वर केला आणि म्हणाली, "अहो, या तर कण्या!"

भांड्याच्या बुडाशी एकशेदहा लिहिलेलं होतं, आपल्या घरात वीज दोनशेवीसची. (हे मी वेळेवर वाचलं म्हणून तुला पत्र येतंय, नाहीतर तार आली असती.) मग वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर शोधत अफझलगंजच्या बाजूला गेलो. दुकानदारानं विचारलं, "क्या पकाते चचा इसमें?" मी म्हटलं, लापशी. तो माझ्याकडे बघतच राहिला. "लापशी पकाने इत्ता वजन? नक्को जी, घर जाको चूल्हे पे चढा देव." एवढं सांगून त्यानं तो मला विकलाच. जात्याची तळी उचलावी तसा मी तो रिक्षातून आणला. उजवा खांदा सुशीला अजून शेकते आहे.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला बटन दाबलं, सातला लाइट गेली ती अकराला आली. दाणे पाण्यात पोहत होते. दुसऱ्या दिवशी मी शहाणपण करून आच वाढवली आणि पेन्शनच्या कामाला गेलो. परत आलो तर कडेनं काळी खरपूड, मधे खळ, आणि ट्रान्सफॉर्मर असा घुमत होता की शेजारचे ख्वाजासाहेब भिंतीला कान लावून बसलेले. त्यांनी कुंडीत डोकावून पाहिलं. "ये तो बगैर गोश्त का हलीम है," म्हणाले. रोजा होता म्हणून चाखावं लागलं नाही, त्याबद्दल त्यांनी अल्लाचे आभार मानले. तिसऱ्या दिवशी जमलं. सकाळचा नाश्ता दुपारी दोनला तयार.

पहिला घास घेतला आणि अक्का, मला पुढे खाताच येईना. आई मडक्यात जोंधळ्याच्या कण्या घालून, गोवऱ्यांच्या निव्यावर, त्या गरम राखेत, ठेवून रानात जायची. तू राखण करायचीस आणि मी तुझ्याकडे "झाल्या का?" म्हणून रडायचो. पहिला पगार झाला तेव्हा मी गव्हाचं पोतं आणून सुशीलाला सांगितलं होतं, या घरात पुन्हा कण्या शिजणार नाहीत. तीस वर्षं शब्द पाळला. आता पोटच्या पोरानं विमानानं पाठवल्या. सुशीला म्हणाली, "खा आता. तेव्हा दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ल्यात, आता सगळं असून खा." मी वाडगं रिकामं केलं.

रविवारी प्रमोदचा फोन आला. "कसे लागतात, बाबा?"

"तुझ्या आजीच्या हातचे लागतात."

"आजी ओट्स करायची?"

"रोज. कधीकधी त्याच्याशिवाय काहीच करायची नाही."

त्यानं मडक्यापासून सगळं खोदून खोदून विचारलं. (तिकडून मिनिटामिनिटाला पैसे पडतात, तरी.) मग म्हणाला, "हे मला कधी सांगितलंच नाहीत तुम्ही." खरंच नव्हतं सांगितलं.

दाजींना जयभीम, माधवीला आशीर्वाद.

तुझा,
नामदेव

ता. क. आईच्या कण्यांची चव पुरती जमत नाही. ती शेवटी काय घालायची, ताक की आणखी काही? सुशीलाला ठाऊक नाही. पत्रातून कळणार नाही, येऊन दाखव.

ता. क. २. माधवी, इथून पुढचं मनात वाच. आजीला आता अक्षर दिसत नाही आणि माझी पत्रं तूच वाचून दाखवतेस, हे ती मला कळू देत नाही. मोतीबिंदूचं नाव काढलं की दोन वर्षं ती शेळीचं कारण सांगते. इथल्या डॉक्टरांकडे एकवीस तारीख घेतली आहे. सोबत नांदेड ते काचीगुडा अशी तुमची दोन तिकिटं आहेत. तिला सांग, मामाआजोबांना कण्या जमत नाहीत, उपाशी राहतात. तुझी मामीआजी कण्या फार छान करते, पण ते इथे आल्यावर कळलेलं बरं.