रेषा वाकवणाऱ्या टॅबलेटची तक्रार

२ मार्च
आजपासून रोज लिहायचं. पायलटला नोंदींची सवय हवी. मी अजून पायलट नाही, पण ती तांत्रिक बाब आहे.

ध्येय: तीस जूनच्या आत एकट्याने नेव्हिगेशन फ्लाइट. क्लबच्या धावपट्टीवरून उठायचं, सिमेंट कारखान्याची चिमणी गाठायची, तिथून धरण, धरणावरून परत. एक तास दहा मिनिटं, शेजारची सीट रिकामी. लेखी परीक्षेच्या निकालाची मुदत तीस जूनला संपते. तोवर झालं नाही तर सगळं पहिल्यापासून, आणि चोपन्नाव्या वर्षी पहिल्यापासून म्हणजे कधीच नाही. तीन वर्षं प्रत्येक सुट्टी या एका तासासाठी घातली आहे.

तयारी शंभर टक्के. फक्त टॅबलेट आणि नेव्हिगेशनचं अ‍ॅप ठरायचं बाकी.

कॅप्टनबाई म्हणजे आमच्या इन्स्ट्रक्टर, वय एकतीस. त्या म्हणतात, आधी कागदी नकाशा आणि घड्याळावर उडून दाखवा. कागदी नकाशे हल्ली फार पुसट छापतात. वाद घातला नाही. लहान आहेत.

५ मार्च
तुलनेचा तक्ता केला. सहा टॅबलेट, चार अ‍ॅप, अकरा निकष. ब्राइटनेसला सर्वात जास्त गुण.

बायकोने विचारलं, एवढं काय त्यात, दुकानात जाऊन बघून घ्या की. तिला म्हटलं, सव्वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, बघून घेण्याबद्दल मला शिकवू नकोस. 

११ मार्च
आठ इंची घेतला. मांडीला बांधायचा पट्टाही. सवय व्हावी म्हणून दिवसभर दुकानात बांधून बसलो. एका गिऱ्हाइकाने आपुलकीने विचारलं, प्रेशर कधीपासून आहे.

१४ मार्च
टॅबलेटसह पहिलं उड्डाण. अ‍ॅपमध्ये आपला मार्ग गुलाबी रेषेने दिसतो. ही रेषा मध्यभागी वाकते. दोन्ही टोकांना नीट, मध्ये मात्र खडा ठेवल्यावर दोरा वर उचलला जावा तशी.

उतरल्यावर कॅप्टनबाईंना दाखवली. त्यांना सरळ दिसली. त्या डावीकडून बघत होत्या.

घरी येऊन शास्त्रोक्त तपासणी केली. डाव्या डोळ्याने पाहिलं तर रेषा सरळ, उजव्या डोळ्याने वाकडी. म्हणजे स्क्रीनचा कोन सदोष. उद्याच परत.

१५ मार्च
टॅबलेटवाल्याने स्क्रीनवर फूटपट्टी ठेवून दाखवली. म्हटलं, फूटपट्टीही तुमच्याच दुकानातली. दहा इंची बदलून घेतला. हात जोडले त्याने. माल खराब निघाला की दुकानदार नम्र होतात, हे मी धंद्यात असल्याने ओळखतो.

२ एप्रिल
दहा इंचीतही वाकते. याचा अर्थ टॅबलेट निर्दोष, दोष अ‍ॅपमध्ये. कंपनीला अडीच पानी पत्र लिहिलं. उत्तर दोन शब्दांचं: रीस्टार्ट करा.

दुसरं अ‍ॅप घातलं. तेही वाकवतं. सगळ्या कंपन्या नकाशा एकाच ठिकाणाहून घेत असणार. यावर कोणीच कसं बोलत नाही?

९ एप्रिल
दुकानात एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. दाराची चौकट चार महिने वाकडी दिसते म्हणाल्या. चार महिने! चांगलं झापलं. शिकलेल्या माणसाने असं करावं? म्हटलं, सरळ रेषा वाकडी दिसली की डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतंय असं समजायचं, दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळायचं. हे महिन्यांचं नाही, दिवसांचं काम असतं. अशा लोकांसाठी आम्ही काउंटरवर चौकडीचं कार्ड ठेवतो. ते त्यांच्यासमोर धरून समजावलं. बाई रडल्या. पण कोणीतरी सांगायलाच हवं.

ही कार्डंही हल्ली वाकडीतिकडी छापतात. प्रेसला फोन करायचा.

२० एप्रिल
बायको हल्ली दुकान बंद झाल्यावरही तासभर मागे थांबते. विचारलं तर म्हणते, पुसापुशी. कामाचा उरक मुळीच राहिला नाही. आज गिऱ्हाइकांसमोरच सांगितलं तिला.

जेवताना काहीतरी बोलत होती. मी ब्राइटनेसची तुलना वाचत होतो.

४ मे
उड्डाणासाठीची वैद्यकीय तपासणी. वजन, प्रेशर, कान, सगळं उत्तम. डोळ्यांचा तक्ता तर आमच्याच दुकानातून गेलेला. सव्वीस वर्षांची ओळख. शेवटची ओळ घडाघडा म्हटली. डॉक्टर म्हणाले, अहो, दिवा तर लावू द्या. दोघंही खूप हसलो. सही झाली.

रस्त्यात एका माणसाला डॉक्टर समजून पुन्हा धन्यवाद दिले. तोही हसला.

१९ मे
बारा इंची घेतला. आता विषय संपला.

विषय थोडा उरला आहे. मांडीवर ठेवला तर कंट्रोलची दांडी अडते. म्हणून रबरी कपने समोरच्या काचेला चिकटवला. क्लबचा मेकॅनिक म्हणाला, साहेब, सोफा पण आणू का. हलकट माणूस. अर्धी काच झाकली जाते हे खरं. पण बाहेर तरी काय आहे, महिनाभर नुसतं धुरकट.

३ जून
शेवटची रंगीत तालीम, कॅप्टनबाई शेजारी. ही जमली की एकट्याने जायची परवानगी.

टॅबलेट त्यांनी उडण्यापूर्वीच काढून मागे टाकला. म्हणाल्या, आज बाहेर बघा. चिमणी सापडली नाही, धुकं होतं. धरण सापडलं, कारण त्यांनी दाखवलं. परत येताना मात्र धावपट्टी मीच शोधली, त्यांच्या मदतीशिवाय. लांब, सरळ, चमकदार. अचूक रांगेत आलो. वेग बरोबर, पंखांचे फ्लॅप बरोबर. बाई चकार शब्द बोलल्या नाहीत. दोनशे फुटांवर त्यांनी एकदम कंट्रोल घेतले आणि विमान वर उचललं. माझं चांगलं लँडिंग वाया गेलं.

उतरल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाल्या, "काका, तो कालवा होता."

मी म्हटलं, धुक्यात होतं असं.

"आज धुकं नाही. काठावर माणसं गळ टाकून बसली होती. तुम्हाला बघून पळाली ती. मला वाटत होतं आत्ता दिसेल, आत्ता दिसेल. तुम्ही येतच राहिलात."

काका म्हणाल्या. तीन वर्षांत कधी म्हणाल्या नव्हत्या. अपमान करायचा असला की लोक नाती काढतात.

५ जून
क्लबच्या अध्यक्षांना लेखी तक्रार: शिकाऊ वैमानिकाला सहकार्य न करणे, सामान फेकणे, वयाचा उल्लेख. दुसरा इन्स्ट्रक्टर मागितला. अजून पंचवीस दिवस आहेत.

संध्याकाळी कळलं, बाईंनी घरी फोन केला होता. मला नाही, हिला. ही दुकानाची चावी हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "अहो, जानेवारीपासून तुम्ही चष्म्यात बसवलेली प्रत्येक काच मी काढते आणि परत बसवते. रोज."

कोणी सांगितलं होतं? न विचारता माझ्या कामात हात घालायचा आणि वर उपकार दाखवायचे.

तरी दोघींचं तोंड कायमचं बंद व्हावं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं कबूल केलं. सर्टिफिकेट आणून क्लबच्या फळ्यावर लावणार.

९ जून
डॉक्टर सावकाश माणूस. डोळ्यांत थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, फोटो काढले. मग विचारलं, रेषा वाकायला कधीपासून लागली. म्हटलं, डोळ्यांत वाकतच नाही, टॅबलेटमध्ये वाकते, आणि तारखांसह पुरावा आहे. ही वही बरोबर नेली होती. पण थेंबांमुळे मला वाचता येईना. म्हणून हिच्याकडे दिली.

हिने वाचलं. चौदा मार्च. दोन एप्रिल. कार्डाचं. मुख्याध्यापिकाबाईंचं. माझा चष्मा मीच पुसत राहिलो. नऊ एप्रिल संपल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "एवढं सगळं माहीत होतं तुम्हाला. मार्चमध्ये आला असतात, तर उजवा वाचला असता."

डाव्यातही सुरू झालंय. त्यात दर महिन्याला इंजेक्शन. आहे ते टिकेल, बहुतेक.

मी हिला विचारलं, तुला दिसत होतं तर तू सांगितलं का नाहीस. डॉक्टरांसमोर विचारलं.

"सांगितलं होतं," म्हणाली आणि पान उलटून शोधू लागली. वीस एप्रिल सापडला. 'जेवताना काहीतरी बोलत होती. मी ब्राइटनेसची तुलना वाचत होतो.' एवढंच. तेही तिनेच मोठ्याने वाचलं, वाचायला घेतलेलं वाक्य मध्ये सोडता येत नाही म्हणून. त्याच्या आधीची वाक्यंही. उरक नसल्याचं.

आवाज बदलला नाही तिचा. मग वही मिटून पर्समध्ये ठेवली आणि मला हात धरून उठवलं, कारण पायरी होती.

१४ जून
अध्यक्षांना पत्र: तक्रार मागे घेतो. कारण लिहिलं नाही. कारण त्यांना माहीत आहे.

वैद्यकीय सर्टिफिकेटही परत पाठवलं.

२२ जून
पहिलं इंजेक्शन. दुखत नाही असं सगळे म्हणतात. दुखतं.

डाव्या डोळ्याने वाचन करून पाहिलं. एक कंपनी नवीन अ‍ॅप काढतेय, त्यात सगळं बोलून सांगतात असं कळलं. उंची, दिशा, वेग, सगळं. हिला तक्ता करायला सांगणार होतो. ती काच घासत होती. सांगितलं नाही.

३० जून
तारीख हिने घालून दिली. ओळ जिथे सुरू करायची तिथे बोट ठेवते, मी लिहितो.

आज क्लबवर जायचं नव्हतं. कॅप्टनबाईंचा फोन आला, तुमच्या नावाचं बुकिंग मी रद्द केलेलं नाही, या. गेलो. उजव्या सीटवर बसवलं. म्हणाल्या, प्रवासी म्हणून.

चिमणी, धरण, सगळा मार्ग केला. धरणावर दहा मिनिटं त्यांनी दांडी माझ्या हातात दिली. उंची इंजिनच्या आवाजावरून राखता येते, तेवढं येतं मला. मग त्यांनी विचारलं, समोर काय दिसतंय. धुकं आहे म्हणणार होतो. पण ही मागे बसली होती, हेडफोन लावून, सगळं ऐकू येत होतं तिला.

म्हटलं, "समोर काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं."

 मग बाई कडेकडेचं विचारत गेल्या. डावीकडे काय. पाणी. उजवीकडे काय. डोंगर असावा. मागून ही म्हणाली, डोंगरच आहे.

एक तास बारा मिनिटं. उतरल्यावर सवयीने उड्डाणाच्या तासांचं लॉगबुक पुढे केलं. बाईंनी ते मिटून हळूच परत दिलं. प्रवाशाची वेळ त्यात लिहीत नाहीत.

म्हणून इथे लिहिली.