लाटांची सोयरीक

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार
आधी आली ती कडूबाई. जीप अजून गल्लीत वळायची हुती, तवर ही शेजारीन साखर मागायला दारात. जावई शुगर फॅक्टरीत, साखर घरात पोत्यानं. मग उतरले गोव्याचे दोन साहेब, आमच्या वृषालीच्या हापिसातले. नात पहिल्या बाळंतपनाला म्हायेरी आलीय. डॉक्टरनं खाटेवरनं उतरायची बंदी केलीय. सून जयमालाचा हुकूम, मीबी तिच्याजवळनं हलायचं न्हाई. दोघी कैदेत.
साहेबांनी कागदांची खोकी उतरवली. समुद्रात गोळा तरंगत ठेवत्यात, तो लाटा मोजतो. तीन हापिसांनी मोजल्या, तिघांची तऱ्हा येगळी. कुनी फुटात, कुनी मीटरात. कुनाचं घड्याळ आपलं, कुनाचं विलायतचं. आता हरेक गठ्ठ्यावर एकाच नमुन्याची चिठ्ठी पायजे, म्हंजे जगात कुनालाबी कळंल. येळेत झालं तर वृषाली नोकरीत कायम, न्हाईतर जागा दुसऱ्याला.
म्हनलं, हे तर स्थळाचं टिपन. नाव, गाव, उंची. बेलापूर ते खर्डा सोयरिकी मीच जुळवल्या. एक मोडली न्हाई. दोन मोडल्या, पन त्या पोरांच्या स्वभावानं.

१० नोव्हेंबर, सकाळ
ठराव: मदत करायची, मधी बोलायचं न्हाई.
दुपार. थोडं बोलले. कडूबाईच्या जावयाचं सांगायचं राहिलं हुतं. वृषालीनं कानात कापूस घातला. गारठा लई हाय.

१२ नोव्हेंबर
पोरीची पाठ धरली. मला काम दिलं. चिठ्ठीवर एक गोल, त्यात तिनं पेन्सिलीनं बान काढलेला. तो शाईनं गिरवायचा आन पेन्सिल खोडायची. लाट जिकडनं आली, तिकडं बानाचं टोक. दोनदा सांगितलं. एकदा पुरं हुतं.

१३ नोव्हेंबर
रात्रभर इचार केला. हापिसाचं चुकलंच. पोरगी दिली की सासरचं नाव लागतं. मी मूळची खर्ड्याची, पन पन्नास वर्सांत कुनी खर्डा काढला न्हाई, पुनतांब्याचीच म्हनत्यात. मग लाटेला येगळा न्याय कशाला? पोर झोपली तवा बान सासरकडं, म्हंजे लाट जिकडं जाते तिकडं, फिरवून गिरवले. ज्या लाटा बारक्या, त्यांचं वय न्हाई, त्या म्हायेरीच ठेवल्या. बारकी कंची ते नजरेनंच. मीटर कळत न्हाई, पन पोरगी बघून वय सांगते मी.

१६ नोव्हेंबर
झालं सगळं. वृषाली एकदा बघते म्हनली. म्हनलं, पाठ जप, आजी कशाला हाय? गठ्ठे सुतळीनं आवळून बांधले.

१७ नोव्हेंबर
साहेब आले. हुलग्याचे शेंगुळे केले. थोरल्या साहेबांनी गठ्ठा सोडला, दुसरा सोडला, मग वृषालीला इचारलं, या लाटा आपल्या किनाऱ्यावर जन्मून अरबस्तानाला निघाल्यात का?
पोर पांढरी पडली. मग मीच समजावलं, सासरचं, बारक्यांचं. धाकट्या साहेबांना ठसका लागला. मिरची जास्त झाली आसंल. थोरले म्हनले, कोनता बान फिरवला, कोनता न्हाई, सांगा. मला काय म्हाईत? पेन्सिल मी साफ खोडली हुती. कामात कसर ठेवत न्हाई मी.
वृषाली रडली न्हाई. हळूच म्हनली, "आजी, लाट कुठं गेली ते किनाऱ्यावर कुणालाही दिसतं. कुठून आली ते चिठ्ठीवर नसलं, तर ते कायमचं गेलं."
मी सोडलेली सुतळी गुंडाळून ठेवली. पुन्हा गठ्ठे बांधायला लागंल.

१८ नोव्हेंबर
वृषाली पयल्यापासनं करतीय. खोक्यातले मूळ कागद काढून एकेक बान पुन्हा. खोलीला आतनं कडी. सून खाटेपाशी, मी ओट्यावर. वारं चांगलं हाय हितं. एकांत लागतोच असल्या कामाला, मीच सुचवनार हुते.
कडूबाईनं इचारलं, आत काय चाललंय. म्हनलं, माझंच काम पुढं चाललंय.
साहेबांनी एकच संधी दिलीय. पुन्हा येतो म्हनून गेलेत: गुरुवार, २६ नोव्हेंबर. त्या दिवशी आजींना बेलापूरला पाव्हनी धाडा, असंबी सांगून गेलेत. किती काळजी परक्या मानसांना.