तक्रारदाराचं नाव

प्रिय हर्षल,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, पण आईने लावलेली सवय आहे, म्हणून लिहिलं. फोन केला असता तर तू गोड बोलून मला गुंडाळलं असतंस. हे पत्र मुद्दाम मनमाडला तुझ्या आयटीआयच्या क्लासच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी तुझ्या बायकोच्या हाती पडायला नको.

माझी नोकरी तुला ठाऊक आहे. लोक एकमेकांचे व्हिडिओ उचलतात, त्यावरच्या मराठीतल्या तक्रारी आमच्या टीमकडे येतात. चार वर्षं हेच बघतेय. कुणी दुसरीची पुरणपोळी स्वतःच्या नावावर खपवतं, कुणी दुसऱ्याचं कीर्तन. सगळ्यात निर्लज्ज म्हणजे उचलून वर मूळ मालकावरच आधी तक्रार करणारे. असल्यांची मला किळस येते, हे मी तुला दिवाळीत फराळाला बसलो असताना सांगितलं होतं. तू चकली खात हसला होतास. तेव्हाच तुझ्या डोक्यात हे शिजत असणार.

सोमवारी एक फाइल उघडली तर समोर लेथ मशीन, आणि हँडलवर डाव्या हाताचं अर्धं बोट. अंबडच्या कारखान्यात आपल्या अण्णांचं ते बोट गेलं तेव्हा तू दुसरीत होतास. रिटायर झाल्यावर अण्णा नुसते भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून दर रविवारी त्यांच्या जुन्या शेठच्या शेडमध्ये जाऊन आपण व्हिडिओ काढून त्यांच्या चॅनेलवर टाकायला लागलो. आपण कसले, मीच. तू एकदा आलास आणि शर्टाला ग्रीस लागलं म्हणून कुरकुरत परत गेलास. आता आयटीआयची पोरं त्यांना फोन करून अडलेलं विचारतात, उस्ताद म्हणतात. त्या फोनांवर तो माणूस जगतो रे.

आणि तू काय केलंस? सुरुवातीचा त्यांचा 'राम राम मंडळी' कापलास, त्यांच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढवलास, वर क्लासचं नाव टाकलंस. एकवेळ तेही गिळलं असतं. पण अण्णांच्याच चॅनेलवर चोरीच्या तीन तक्रारी? तीन मान्य झाल्या की चॅनेल कायमचं बंद होतं, हा नियम तुला मीच सांगितला होता. शिसारी आली मला तुझी, आणि तेवढीच माझीही.

अण्णांना फॉर्म गेला. हे व्हिडिओ तुमचे आहेत का, असा त्यात प्रश्न असतो. अण्णांनी लिहिलंय, 'माझं काय हाय? जे हाय ते पोराचंच हाय.' आमच्या नियमात याचा अर्थ एकच होतो, आरोप कबूल. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाले, हर्षलला क्लाससाठी कसला तरी कागद लागत असंल, दिला भरून.

घरचंच प्रकरण म्हणून साहेबांना सांगून मी ती फाइल सोडली. पण आमच्याकडे व्हिडिओवर पहिला हक्क तो काढणाऱ्याचा धरतात, आणि मूळ व्हिडिओ सगळे माझ्या फोनमध्ये आहेत. मशीनवर घासून चकाकलेल्या लोखंडी जॉबमध्ये फोन धरलेला माझा हात आणि पिवळी ओढणी दिसते. तुझ्या व्हिडिओंतही ती दिसते, तेवढं पुसायचं तुला सुचलं नाही. अण्णांनी ते वापरावेत असं मी लेखी दिलंय, म्हणजे त्यांचं चॅनेल वाचेल, आणि काल तुझ्या क्लासच्या चॅनेलवर माझ्या नावाने तक्रार केलीय. तीन व्हिडिओ, तीन तक्रारी. अण्णांना यातलं काही कळलेलं नाही, माझ्याकडून कळणारही नाही. शुक्रवारपर्यंत तुला फॉर्म येईल, प्रश्न तोच असेल. उत्तर लिहिण्याआधी तक्रारदाराचं नाव नीट वाच. अण्णांनी तुझं वाचलं होतं, म्हणूनच त्यांनी तसं लिहिलं.

तुझीच, अजून तरी,
ताई