बाकोलोदच्या बोटी बंद आहेत

रविवार, ५ सप्टेंबर २०२१

ठरलं. मंगळवारी विमानाने कामिगिन बेटावर, बुधवारी सकाळी परत सेबूला. काम एकच. मिसेस लागुमबाय यांच्या बेकरीला आमच्या कंपनीचा नवा, मोठा ओव्हन विकणे.

चुआ साहेब म्हणाले, काबाहुग, हे व्हिडिओ कॉलवर होणार नाही का? मी म्हणालो, साहेब, ओव्हन डोळ्यांत डोळे घालून विकावा लागतो. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. भारावले असावेत. बाकी कुणीच जायला तयार नव्हतं. सगळ्यांना घरं आहेत, मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. या धंद्यात शेवटी अनुभवी माणूसच लागतो.

लिओनिसाला कळवणार नाही. बायकोच्या जिवाला उगाच घोर. ती गेल्या वर्षी मार्चमध्ये बाकोलोदला बहिणीकडे गेली. बहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, आठवड्यात येणार होती. बोटी बंद झाल्या. अजूनही बोटींचं काही खरं नाही.

भात करपला. भांडं भिजत घातलंय. शुक्रवारचंही भिजतंच आहे.

सोमवार, ६ सप्टेंबर

स्वॅब टेस्ट. ती काडी नाकातून निघाली ती थेट मेंदूला टेकून आली. डोळ्यांत पाणी. नर्स म्हणाली, काका, झालं हं, रडू नका. मी म्हटलं, रडतोय कोण, हे काडीचं पाणी आहे. म्हणाली, सगळे असंच सांगतात. मग खांद्याला हात लावला. हातमोजा होता तिचा, तरीही. बऱ्याच महिन्यांत कुणी माणसाने

असो. बॅग भरली. आरशासमोर भाषणाची तालीम केली, मास्क आणि फेस शील्ड लावून. फक्त डोळे दिसतात. डोळे माझे पहिल्यापासून बोलके.

संकल्प: बेकरीत काहीही गोड खायचं नाही. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आहे, आणि खाणारा विक्रेता दुबळा दिसतो.

मंगळवार, ७ सप्टेंबर, सकाळ

विमानतळ. आमच्याकडे सप्टेंबर लागला की नाताळ धरतात, म्हणून नाताळची गाणी सुरू झालीत. ऐकणारा जवळपास मी एकटाच.

शील्डवर वाफ धरल्यामुळे चुकून बाकोलोदच्या गेटवर जाऊन बसलो. माणसं चढत होती. म्हणजे विमानं सुरू आहेत तर. पण विमानाची गोष्ट वेगळी. लिओनिसाला विमानात गरगरतं.

तोच दिवस, संध्याकाळ

प्रवास उत्तम. शेजारची खुर्ची रिकामी. हवाई सुंदरीने सांगितलं, सर, कृपया बोलू नका. मी म्हणालो, मी कुणाशी बोलतोय, शेजारी आहे कोण? म्हणाली, तेच विचारतेय सर. भाषणाची तालीम जरा मोठ्याने झाली असावी.

उतरल्यावर छोटी अडचण. नियम सकाळीच बदललाय. इथे पुन्हा स्वॅब, आणि निकाल येईपर्यंत खोलीबाहेर पाय टाकायचा नाही. आरोग्य खात्याची बाई म्हणाली, काका, सकाळचं विमान गाठलं असतंत तर सुटला असतात. मी म्हटलं, मी सकाळच्याच विमानाने आलो. म्हणाली, मग त्याहून सकाळचं.

समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर आणून सोडलं. सगळ्या खोल्या रिकाम्या, पाहुणा मी एकटा. जेवण दाराबाहेर ठेवतात, दार वाजवतात आणि पळतात. मी दार उघडेपर्यंत अंगणात नुसत्या चपला दिसतात धावणाऱ्या.

जमेची बाजू: फाटकातून बेकरीचं धुरांडं दिसतं. ग्राहक टप्प्यात आहे.

बुधवार, ८ सप्टेंबर

पहिली बैठक पार पडली. जागा: रिसॉर्टचं फाटक. मी खोलीच्या ओट्यावर, मिसेस लागुमबाय फाटकाबाहेर छत्री घेऊन. मध्ये अंगण आणि दोन कुत्री. संपूर्ण भाषण ओरडून केलं. कुत्र्यांनी शेवटपर्यंत साथ दिली.

बाई म्हणाल्या, अहो काबाहुग, हे सगळं मी फोनवर ऐकलंय, आणि तुमच्या साहेबांना नाही म्हणून कळवलंय. बेटावर टुरिस्ट नाही. माझा जुना ओव्हन अर्धा दिवस गार पडून असतो. नवा घेऊन काय करू, त्यात झोपू?

नाही म्हणाल्या, पण मजेत म्हणाल्या. मजेत म्हटलेला नकार म्हणजे अर्धा होकार.

मग त्यांनी विचारलं, घरी कोण असतं? म्हटलं, बायको बाकोलोदला अडकली आहे, बोटी बंद आहेत. म्हणाल्या, बोटी कधीच्या सुरू झाल्या! माझा भाचा दोनदा जाऊन आला. बेटावर बातम्या उलटसुलट पोचतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

जाताना त्यांनी फाटकावर पिशवी अडकवली. गोड सारणाचे पाव, अजून गरम. परत करणं व्यवहाराला धरून झालं नसतं. एकच खाल्ला.

नंतर उरलेले. गार झाल्यावर त्यांची चव जाते.

गुरुवार, ९ सप्टेंबर

निकाल नाही. दिवसभर समुद्र.

दुपारी लिओनिसाचा फोन. ती गुरुवारी करतेच. साखर कशी आहे विचारते, गॅस बंद करतोस ना विचारते, ठेवते. आज म्हणाली, मागे आवाज कसला? टीव्ही म्हणणार होतो, तोंडातून समुद्र निघालं. मग सगळंच सांगावं लागलं.

म्हणाली, स्वॅब केलास? म्हटलं, दोनदा. परवाना काढलास? काढला. विमानात बसलास? बसलो. ओव्हनसाठी? म्हटलं, अगं, तीन खणांचा आहे.

लाइन तुटली वाटून मी हॅलो हॅलो केलं. म्हणाली, आहे मी. ठेवते, भट्टीत पाव आहेत. मास्क लाव.

काळजीने आवाज बसला होता बिचारीचा. मला कळवायचंच नव्हतं ते यासाठीच. कसले पाव, हे विचारायचं राहिलं. बहिणीकडे भट्टी असल्याचं मला आठवत नाही.

शुक्रवार, १० सप्टेंबर

चुआ साहेबांचा फोन. म्हणाले, बाईंनी पुन्हा नकार कळवलाय, आता निकाल आला की या परत. मी म्हणालो, साहेब, दोन दिवस द्या. म्हणाले, काबाहुग, मी तुम्हाला जाऊ नका म्हणालो होतो. तुम्हीच म्हणालात, घरात बसवत नाही, कुठेही पाठवा.

असं मी म्हणालो असेन तर धंद्याच्या तळमळीने.

दुपारी मिसेस लागुमबाय आल्या. फाटकाच्या आत आल्या, कुत्र्यांनाही हाकललं. पुढाकार चांगला. मी ओव्हनचं माहितीपत्रक उघडलं. म्हणाल्या, मिटा ते.

म्हणाल्या, गेल्या वर्षी माझे यजमान तिकडे, समुद्रापलीकडे, मोठ्या गावच्या हॉस्पिटलात होते. मी रोज धक्क्यावर जायचे. तिथले लोक रोज सांगायचे, आजी, आज बोट नाही. नवव्या दिवशी बोट निघाली. ती मला न्यायला नव्हती, त्यांना आणायला गेली होती. राख होऊन बरणीत आले. तुमची बायको हिंडती फिरती, फोन उचलते. आणि तुम्ही इथे कुत्र्यांना ओव्हन विकताय.

मी म्हणालो, तुमच्या दुःखात कंपनी सहभागी आहे.

त्यांनी मास्क नीट केला. मग पावांची पिशवी ओट्याच्या पायरीवर ठेवली, थेट पायरीवर, आणि गेल्या.

बाई फार भावनाप्रधान. अशा माणसांशी व्यवहार होत नाही.

पाव खाल्ले नाहीत. भूक नव्हती.

शनिवार, ११ सप्टेंबर

निगेटिव्ह. सेबूत पोचलो.

बॅग घेऊन सरळ बाहेर पडणार होतो. पाय बाकोलोदच्या काउंटरकडे वळले. सहज चौकशी. मुलगी म्हणाली, जागा आहेत सर, रोज असतात. स्वॅब ताजाच आहे तुमचा. फक्त ज्या घरी जाणार त्या घरच्यांनी त्यांच्या वॉर्डाच्या कचेरीत जाऊन सांगायचं, की हो, हा माणूस आम्ही घरात घेतोय. किती दिवस, कशासाठी, तेही.

तिथूनच लिओनिसाला फोन लावला. म्हटलं, सोमवारी येतोय. म्हणाली, कुठे? म्हटलं, तुझ्याकडे. म्हणाली, खरंच? हा आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता. लग्नाआधीचा.

मग म्हणाली, वॉर्डात काय सांगू, कशासाठी येतोयस? मी म्हणालो, काम म्हणून सांग. कामाच्या माणसाला लवकर सोडतात.

म्हणाली, बरं.

रविवार, १२ सप्टेंबर

योजना पक्की. उद्या जायचं, चार-पाच दिवस मेहुणीचा पाहुणचार घ्यायचा, मग लिओनिसाला घेऊन यायचं. विमानात गरगरलं तर माझा खांदा आहे. चादरी धुतल्या. भांडी घासली, तळाचं करपलेलं पुरतं निघालं नाही. बाजारातून तिच्या आवडीचे सुके आंबे आणले. ती आधी रागावल्यासारखं करेल. मी काही बोलणार नाही, नुसती बॅग उचलेन तिची. समजेल ती.

येताना दोघांची तिकिटं काढायची. तिचं नाव मी स्पष्ट अक्षरात लिहून ठेवलंय, काउंटरवर चुका करतात.

सोमवार, १३ सप्टेंबर, सकाळ

लिओनिसाचा फोन आला. परवानगी मिळाली. विचारलं, किती दिवसांची घेतलीस? म्हणाली, दोन. कामाला दोन पुरतात ना तुला?

म्हटलं, पुरतात. म्हटलं, येताना तुझं तिकीट

म्हणाली, नको, तिबुर्सियो. तुझं तेवढं काढ.

आवाजात राग नव्हता. मागे कुणीतरी पावाचं गिऱ्हाईक तिला हाक मारत होतं.

काढलं. खिडकीजवळची जागा मिळाली.