कंट्रोलची जागा

आप्पा, मी सायलीच्या औद्योगिक वसाहतीत परत आलोय. साच्यांच्या कारखान्यात, ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरवर बसतो. महिनाभर बघू म्हणालेत. तुम्ही गेल्यावर किती ठिकाणं झाली ते आठवायचाही कंटाळा येतो.

प्रेसमध्ये तुमच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं, तेव्हा कंपनीने तुम्हाला मशीनवरून उठवून ड्रॉइंगला बसवलं. कंट्रोलचं बटण पार कोपऱ्यात, तिथे करंगळीच लागते. मग तुम्ही कंट्रोल आणि ऑल्टची अदलाबदल करून टाकली, म्हणजे कंट्रोल अंगठ्याखाली. मी तुमच्या शेजारी स्टूल ओढून शिकलो, तो तसाच शिकलो. तुम्ही ओरडताय, "मन्हं पाहीसन नको शिकू रे, तुले दहा बोटं शेतस!" आणि मी हसतोय.

पुण्यात मॅक मिळाला होता. त्यात कॉपी, सेव्ह सगळं कमांडवर, आणि ते बटण मुळातच अंगठ्याखाली. वाटलं, इथे टिकेन. टिकलो नाही, त्यात कीबोर्डचा दोष नव्हता. इंदूरला लिनक्स होतं, सेटिंगमध्ये एक टिक केली की काम झालं. इंदूरची खोली मात्र छान होती, गच्चीवर मोर यायचा. असो. इथल्या विंडोजला छोटा प्रोग्राम टाकावा लागतो, आणि उठताना तो बंद करावा लागतो.

परवा मी बंद करायला विसरलो. दुसऱ्या शिफ्टला त्याच मशीनवर एक मुलगी बसते, तीही नवीनच. तिने दुपारभर सवयीने कोपऱ्यातलं बटण धरून सेव्ह केलं. कॉम्प्युटरला ते ऑल्ट वाटत होतं, त्यामुळे सेव्ह काहीच झालं नाही. लाइट गेली आणि अख्खं ड्रॉइंग गेलं.

काल साहेबांनी तिला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. "सेव्ह करायलाही शिकवायचं का? सोमवारपासून येऊ नकोस."

"सर, मैंने दबाया था. आईशप्पथ, दहा वेळा दाबलं!"

मी बाजूलाच चहा घेऊन उभा होतो. आधी चहा संपवला, आप्पा. मग सांगितलं की बटणं मी फिरवली होती, करंगळीने मला जमत नाही म्हणून.

साहेबांना आधी कळेचना. कळल्यावर माझ्या हातांकडे बघत राहिले. तीच म्हणाली, "बोटं तर सगळी आहेत की! मग ही नाटकं कशाला?" काय सांगणार? मला शिकवणाऱ्याची नव्हती, असं?

"ए बधुं काढी नाख, भाई," साहेब म्हणाले. "फरी थयुं तो तू घेर." म्हणजे पुन्हा झालं तर मी घरी. तिची नोकरी राहिली. माझीही, सध्या तरी.

काढून टाकलंय. आज दिवसभर करंगळीने कोपरा शोधतोय. मनगट दुखतंय, आणि ती मुलगी शिफ्टला येऊन मागे उभी राहून बघते.

तुमचा नंबर आता कुणा दुसऱ्याकडे गेलाय, तेव्हा हे लिहिलेलं न पाठवता इथेच राहणार. दवाखान्यातून तुमचा फोन आला होता, शेवटचा. धाप लागत होती, तरी विचारलंत, "ती अदलाबदल काढलीस ना रे?" मी म्हटलं, कधीच काढली. काढली नव्हती. लोकांना सांगायचो, आप्पांची आठवण आहे, असू दे. तसं काही नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून शिकायचा कंटाळा होता, एवढंच.