आईनं लावायची मेणबत्ती

२ सप्टेंबर, सोमवार

तीन कॅमेरे! हेरिननं सकाळीच फोन करून सांगितलं. लग्नाचं शूटिंग करायला सोलची मोठी मंडळी ठरवलीत, अगदी सिनेमासारखं. "आई, त्यांच्या कॅमेऱ्यात चेहऱ्यावरची रेघन् रेघ दिसते!" म्हटलं, मग रेघांचं काय करायचं ते आधी सांग. हसली. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलताना अशी हसली.

लग्नाची सुरुवातच दोघी आयांपासून. हातात हात घालून चालत यायचं, आपापली मेणबत्ती लावायची, एकमेकींना वाकायचं. मग नवरानवरी, सांगयॉप आणि हेरिन. म्हणजे फिल्ममध्ये सगळ्यात आधी मी!

५ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी कामावर, गावच्या न्हाणीघरात, गिऱ्हाईक नव्हतं. पे बाई, आमच्या मालकीणबाई, म्हणाल्या, चला, मी विहीणबाई होते. कमरेला मोठे टॉवेल गुंडाळले – लग्नात घालायच्या हानबोक पोशाखाचा घोळ म्हणून – आणि कपाटांमधल्या बोळातून दोघी चालत गेलो. "खाली काय बघताय चोरासारख्या! वर बघा! लेकीचं लग्न आहे, खटला नाही!" मेणबत्त्या म्हणून शांपूच्या दोन बाटल्या. हसून हसून पोट दुखलं.

चालायचं जमेल. हातांचं काय? लोकांच्या पाठी घासून घासून बोटं कायमची सुजलेली. मेणबत्ती लावताना कॅमेरा हातावरच येणार. मलम लावून वर हातमोजे घालायला सुरुवात केली आहे.

८ सप्टेंबर, रविवार

सुनऑक आली होती ग्वांगजूहून. बहीण एकच, तिच्याशिवाय हानबोक घ्यायचं कसं. दुकानदारणीनं न विचारता गुलाबी काढलं. वराच्या आईला निळं, वधूच्या आईला गुलाबी, कुणालाही माहीत असतं. तर सुनऑक म्हणते, "ताई, तुला गुलाबी खुलत नाही. राखाडी घे. पुढेही वापरता येईल."

"नवरीची आई राखाडीत? कोण वारलंय का?"

तिनं मान वळवली. रस्त्याकडे बघत राहिली. मी गुलाबीच घेतलं! मला लेक एकच आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सुगीचा सण. तांदळाच्या उकडीचे सोंगप्योन वळले, हेरिनला आवडतं ते तिळाचं सारण भरून. आली नाही. बापाकडे आहे.

नववीत नेली त्यानं तिला, सोलच्या चांगल्या शाळेसाठी. मीच पाठवली. इथं राहून काय होणार होती? तिकडे त्याची दुसरी बायको, क्वोन बाई, स्वतः शिक्षिका. अभ्यास घ्यायची म्हणे. चांगलंच झालं.

पत्रिका पाठव म्हटलं, तर "पाठवते." व्याह्यांना एकदा भेटू दे म्हटलं, तर "फार कामात असतात गं, लग्नातच भेट." मोठी माणसं. असतील कामात.

सोंगप्योन मालकीणबाईंकडे दिले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

शूटिंगवाले आज इथे मोक्पोला, माझ्याकडे आले. एक बाई आणि कॅमेरा धरलेला माणूस. घरच्या माणसांचे शुभेच्छांचे दोन शब्द घेत फिरताहेत. मी गुलाबी हानबोक नेसून तयार. केस करून आणलेले.

बाई पहिल्यापासून "मावशी, इकडे वळा", "मावशी, हनुवटी वर." माझ्या लक्षातच आलं नाही. मला सगळं गाव मावशी म्हणतं. न्हाणीघरातल्या बायका, मासळीवाली, बसचा ड्रायव्हर.

मग ती म्हणाली, "मावशी, हे गुलाबी... गुलाबी तर आईंचं आहे ना? तुमच्याकडे दुसरं काही नाही?"

मी म्हटलं, कुणाच्या आईंचं?

"वधूच्या. काल त्यांचं झालं. काय गोड बोलतात! शिक्षिका आहेत, लगेच कळतं. तुम्ही सख्ख्या बहिणी का?"

मी पाणी प्यायला आत गेले. नळ सोडून उभी राहिले. बाहेर ती त्या माणसाला सांगत होती, उजेड जातोय, लवकर आटपायला हवं.

बाहेर आले. काय बोलायचं ते तिनंच सांगितलं – ताईची लेक म्हणजे माझीच लेक, सुखी राहा. मी बोलले. पहिल्याच वेळी बरोबर आलं.

"किती नैसर्गिक!" म्हणाली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

हेरिनला फोन. आधी उचलेना. मग उचलला आणि रडायलाच लागली. "मी सांगणारच होते, आई!"

कधी? फिल्म बघताना?

"बाबांचा हट्ट गं. सांगयॉपच्या घरी त्यांनी पहिल्या दिवसापासून तसंच सांगितलं. आणि क्वोन बाईंना तर हौसच आहे. आता मी एकटी काय करू?"

दोन्ही घरची मंडळी मे महिन्यातच भेटली. जेवणं झाली. आई म्हणून ती बाई बसली होती.

"आणि मी कोण, त्यांच्या लेखी?"

नाक ओढलं. मग म्हणाली, "मोक्पोची मावशी."

"एकच दिवस आहे गं, आई." असं म्हणाली. एका दिवसाचं असतं तर दिला असता मी. पण ती फिल्म आहे. उद्या तिची पोरं बघणार.

तिच्यावर नाही राग. ती तरी काय करील, त्यांच्याच घरात वाढली. राग त्या माणसावर. आणि त्या बाईवर – जास्त तिच्यावर! आयतं वाढलेलं ताट हवं होतं तिला.

२२ सप्टेंबर, रविवार

सुनऑकला विचारलं, तुला ठाऊक होतं ना?

"ताई, तिनं मला शपथ घातली होती."

"म्हणून राखाडी."

"तिथे दोघीजणी गुलाबीत दिसल्या असत्या. तुझी शोभा झाली असती, ताई!"

माझी शोभा! दुकानात बोलायचं होतं. रस्त्याकडे कसली बघत बसलीस! फोन आपटला. तिनं पुन्हा केला, घेतला नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

त्या बाईकडे माझा नवरा गेला तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

६ ऑक्टोबर, रविवार

हेरिन – "ये ना गं. तिसऱ्या रांगेत, सुनऑक मावशीशेजारी जागा ठेवलीय. तिकडे कॅमेरा फिरवू नका म्हणून मी सांगून ठेवलंय. तुला अवघड वाटायला नको."

माझ्यासाठी केवढं करते!

म्हटलं, शनिवारी आमच्याकडे गर्दी असते. रजा मिळत नाही. "बरं," म्हणाली. लगेच! एकदासुद्धा "असं काय गं" म्हणाली नाही. सुटल्यासारखा श्वास सोडलेला मला फोनवर ऐकू आला.

मालकीणबाईंना अजून सांगितलेलं नाही. आज दुपारी पुन्हा टॉवेल गुंडाळून उभ्या राहिल्या, "चला, विहीणबाई!" पाठ धरलीय म्हटलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं. मालकीणबाई जवळ आल्या. माझा पाण्यातला हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "त्या क्वोन बाईला एकदा माझ्या घासायच्या फळीवर आणून झोपवा. सालटं काढते."

हसू आलं. मग रडू.

१२ ऑक्टोबर, शनिवार

लग्नाच्या वेळेला क्वोन बाईचा फोन. आयुष्यात पहिल्यांदा. मागे पियानो वाजत होता. म्हणाली, "माझं मन होत नाहीये. मी नको म्हटलं होतं, यांनीही म्हटलं होतं – सख्खी आई असताना हे कसं? पण हेरिन सांगते, तुम्हीच तिला म्हणालात, मी घासणारी बाई, मला लाज वाटते, त्यांच्याकडे माझं नाव काढू नकोस, क्वोन बाईंनाच आई म्हणून बसव. पहिल्यापासून हेच सांगते. एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. मगच आत जाते."

फळीवर गिऱ्हाईक ताटकळत होतं. साबण सुकत होता.

म्हटलं, हो. मीच सांगितलं होतं तसं.