उन्हात मुरवलेली वाइन

नांदेड, १७ मे, रविवार

आज धाकट्या भावाचं, सुधीरचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर, त्यानं फ्रान्सहून आणलेल्या बोर्डो वाइनच्या दोन बाटल्यांपैकी एक उघडली. "दोन हजार तेरा सालची हलकी आहे, लवकर संपव. दहा सालची तगडी, ती वीस वर्षं अंधारात, गारव्याला, आडवी मुरू दे," असं बजावून गेला होता. मी दोन्ही आईकडे दिल्या आणि सुधीर म्हणतो बरीच वर्षं मुरायच्यात, एवढंच सांगितलं. एवढंच का सांगितलं?

ग्लासात नुसता आंबट सिरका. कुठं ठेवली होतीस, आईला विचारलं.

"गच्चीवर, लिंबाच्या लोणच्याशेजारी. दर उन्हाळ्यात ऊन दाखवते की. सुधीर गेल्यापासून तर रोज पुसते."

आमचं मे महिन्याचं ऊन!

तिनं ग्लास हुंगला. "हिला ऊन कमी पडलं जणू. दुसरी आत्ताच काढू नको. तिला लई उन्हाळे लागतेत, सुधीरच म्हणला होता न्हाई का?"

"हाव, तसंच करू," म्हणालो. दहाची बाटली मीच परत गच्चीवर नेली आणि लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. निदान आडवी ठेवली.